आप्पांच्या खणातली गावं

लहानपणी आम्ही भावंडं नकाशा पसरून आप्पांची परीक्षा घ्यायचो. जिल्ह्यातलं सापडेल तेवढं बारकं गाव शोधायचं आणि ओरडायचं, "इटगी?" पेपरातून डोकं वर न काढता उत्तर यायचं, "खानापूर." "मुनवळ्ळी?" "सौंदत्ती." "एकसंबा?" "चिकोडी. अवघडातलं विचारा की काहीतरी."

आप्पा बेळगाव स्टेशनावर आर. एम. एस. मध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत होते. चौतीस वर्षं टपाल छाटलं. समोर खणांची लाकडी भिंत, डाव्या हातात गठ्ठा, उजव्या हाताचा अंगठा पत्त्यावर. पिनकोड १९७२ साली सुरू झाला आणि आप्पा त्यानंतर दोन-तीन वर्षांनी नोकरीला लागले. तो लोकांच्या अंगवळणी पडेपर्यंत गावाचं नाव हाच पत्ता. त्यात एकेका गावाची दोन-दोन नावं. हलशी आणि हलसी, सौंदत्ती आणि सवदत्ती. काही पत्रांवर बेळगावच्या पुढं ठसठशीत 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेलं असायचं, काहींवर कन्नडमधून 'कर्नाटक' आणि त्याखाली दोन रेघा. आप्पा दोन्ही एकाच खणात टाकायचे. "मग काय करणार? गावं काय दोन आहेत?"

गेल्या सप्टेंबरात मी पुण्याहून आठवड्याची रजा काढून घरी गेले होते. गणपती जाऊन चार दिवस झाले होते. जेवताना सहज विचारलं, "आप्पा, हलशी बघितलंय तुम्ही?"

"हलशी? नंदगडच्या पिशवीत."

"पिशवीत नव्हे हो, डोळ्यांनी."

आप्पांनी भात कालवायचा थांबवला. मग एकेक गाव निघत गेलं. हलशी नाही, देगाव नाही. कित्तूर हायवेवरून, गाडीच्या खिडकीतून. गोकाकचा धबधबा कॅलेंडरवर. काशी-रामेश्वर झालं, हरिद्वार झालं, मुलाकडं बेंगळूरला चारदा झालं. पण ज्या गावांची टपालं हयातभर हातातून गेली, त्यातलं एकही धड पाहिलेलं नव्हतं.

"पितृपंधरवड्यात कोण फिरायला जातंय काय?" आईनं विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "जावा. माझे गुडघे काय येत नाहीत. रात्री फोन करा."

आप्पांनी ट्रंकेतून कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा काढला. पन्नास पैशांची कार्डं, कधीची घेऊन ठेवलेली. जिथं जाऊ तिथून एक कार्ड घरी टाकायचं आणि दरवेळी पत्ता वेगळ्या तऱ्हेनं लिहायचा. निवृत्त माणसाचा खोडसाळपणा. पण डोळे लकाकले होते.

दिवस पहिला : बेळगाव

घरच्या गावाला पहिला दिवस द्यावा की नाही यावर आमचं वाजलं. "किल्ला काय बघायचा? रोज बसस्टँडवर जाताना दिसतोय." दिसतोय हे खरं. खंदक दिसतो, झाडी दिसते, दारातलं दुर्गेचं आणि गणपतीचं देऊळ दिसतं. आत लष्कराची हद्द, त्यामुळं शहरातला माणूस सहसा पुढं जात नाही.

कमल बस्ती मात्र पुढंच आहे. (बस्ती म्हणजे जैन मंदिर, कन्नडमधली बसदी. पुण्यात मी एकदा 'आमच्या किल्ल्यात बस्ती आहे' म्हटलं तर समोरच्याला भलतंच वाटलं होतं.) सौंदत्तीचे रट्ट राजे राजधानी वेणुग्रामला म्हणजे बांबूंच्या गावाला घेऊन आले. त्यांच्यापैकी चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बिचिराज यानं १२०४ साली ही बस्ती बांधली. आत नेमिनाथ. काळा दगड असा घोटलाय की खांबात आपला चेहरा हलताना दिसतो. आणि वर छतातून खाली उमललेलं दगडी कमळ.

भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांतले चोवीस-चोवीस तीर्थंकर, म्हणून पाकळ्या बहात्तर, असं मी वाचून गेले होते. आप्पांना सांगितलं आणि चूक झाली. ते मान वर करून मोजायला लागले. एकाहत्तर. पुन्हा मोजलं. तिसऱ्या वेळी बहात्तर भरल्यावर मान चोळत बाहेर आले. दारातल्या म्हाताऱ्या राखणदारानं कन्नडमध्ये काहीतरी विचारलं, यांनी उत्तर दिलं, दोघं हसले. आप्पांची कन्नड मजेशीर आहे. बोलायची स्टेशनावर शिकलेली आणि वाचायची पत्त्यांवरून. गुडी हत्तिर म्हणजे देवळाजवळ, केरे म्हणजे तळं, ओणी म्हणजे गल्ली. कुणाचंही घर कुठं आहे हे ते अस्खलित विचारू शकतात. घरात शिरल्यावर काय बोलायचं तिथं अडतात.

पलीकडं सफा मशीद. १५१९ सालची, आदिलशाहीतल्या असद खान लारीनं बांधलेली. तिच्या दोन खांबांवर जुने शिलालेख आहेत, मशिदीच्या कितीतरी आधीचे. म्हणजे खांब आधी दुसऱ्या कुठल्या इमारतीत उभे होते. या किल्ल्याचं सगळंच असं: रट्टांनी रचलं, यादव आले, विजयनगर आलं, आदिलशाही आली, मराठे आले, १८१८ मध्ये इंग्रज आले, आणि प्रत्येकानं आधीच्याचा दगड उचलून स्वतःच्या भिंतीत बसवला. त्याच आवारात रामकृष्ण आश्रम आहे. १८९२ च्या ऑक्टोबरात विवेकानंद कोल्हापूरहून इथं आले. आधी भाटे वकिलांकडं उतरले, मग जंगलखात्यातले हरिपद मित्र त्यांना आपल्या घरी घेऊन गेले. शिकागो अजून वर्षभर लांब होतं.

दुपारी टिळकवाडीत काँग्रेस विहीर. डिसेंबर १९२४ च्या अधिवेशनासाठी खणलेली. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते आयुष्यात एकदाच, इथं. स्वागतगीत गाणाऱ्यांत एक शाळकरी पोरगी होती, पुढं गंगूबाई हनगल म्हणून देशाला माहीत झालेली. आम्ही शाळेत असताना या विहिरीजवळ चिरमुरे खात बसायचो. इतिहास पाठीला टेकून असला तरी चिरमुऱ्यांकडंच लक्ष जास्त असायचं.

पहिलं कार्ड स्टेशनावरच्या पेटीत. पत्ता साध्या मराठीत: शहापूर, बेळगाव, ५९०००३. मजकूर एका ओळीचा: 'कमल बस्ती पाहिली. पाकळ्या ७२ भरल्या.'

दिवस दुसरा : खानापूर, हलशी, नंदगड

साडेसहाला निघालो. देसूर ओलांडल्यावर धुकं. दोन्ही बाजूंना पोटरीला आलेलं भात, मध्येमध्ये रताळ्यांचे वेल. बेळगावच्या पश्चिमेची रताळी कुठं कुठं जातात ते मार्केट यार्डात कळतं. पण त्यांचे वेल एवढे देखणे असतात हे मला चाळिशीत कळलं.

खानापूरला मलप्रभा आडवी आली. कणकुंबीत उगम पावलेली ही नदी पुढच्या दोन दिवसांत आम्हाला वरचेवर भेटणार होती. इथं ती अजून लहान आहे, लाल पाण्याची, घाईतली. खानापूर तसं मातीचं गाव: कौलं, मडकी, आणि कुंभारकाम शिकवणारी सरकारी संस्था. टपरीवर चहा घेतला. चहावाला मराठीत 'या' म्हणाला, पैसे कन्नडमध्ये मोजले आणि पोराला हाक कोकणी वळणाची मारली. गोवा काय लांब नाही.

हलशी खानापूरपासून चौदाएक किलोमीटर. रस्ता झाडीतून जातो, गाव अचानक येतं आणि गावात शिरता शिरता देवळाचं शिखर दिसतं. पायऱ्यापायऱ्यांचं, कदंबांच्या घाटणीचं. भूवराह नरसिंहाचं हे देऊळ गोव्याच्या कदंबांचं, बाराव्या शतकातलं. ११६९ सालच्या लेखात शिवचित्त परमादिदेवाचं नाव आहे. देवळाला गाभारे दोन, आणि ते समोरासमोर. एकीकडं बसलेला विष्णू, चारेक फुटांचा. दुसरीकडं पृथ्वीला सांभाळून उभा असलेला वराह, पाचेक फुटांचा. मधल्या मंडपात उभं राहिलं की दोन देवांच्या बोलण्यात आपण मध्ये आल्यासारखं वाटतं. नरसिंहही आहे, पण उग्र नाही. शांत बसलाय. पुजाऱ्यांनी दिवा वराहाच्या मुळाशी धरला आणि सावकाश वर नेला. तोंडापर्यंत उजेड पोचला तेव्हा आप्पा चक्क एक पाऊल मागं सरकले.

बाहेर ओट्यावर बसल्यावर मी त्यांना ताम्रपटांची गोष्ट सांगितली. हलशीचं जुनं नाव पलाशिका. बनवासीच्या कदंबांची ही दुसरी राजधानी, पाचव्या-सहाव्या शतकातली. इथं सापडलेले त्यांचे ताम्रपट फ्लीट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं वाचून छापले. एका पटात मृगेशवर्मा म्हणतो की वडिलांच्या भक्तीपोटी पलाशिकेत जिनालय बांधलं आणि त्याला तेहतीस निवर्तनं जमीन दिली. पत्रे कडीत ओवलेले, कडीवर राजमुद्रा.

"म्हणजे सील मारलेलं," आप्पा म्हणाले.

"हो."

"आणि कुणाला दिलं, किती दिलं, हद्द कुठली, सगळं लिहिलेलं?"

"हो."

"मग हे रजिस्टर पोस्टच की गं." थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "आणि मी हलशी-हलसीच्या स्पेलिंगवरून पोरांना रागवायचो. पलाशिका लिहून आलं असतं तर परतच पाठवलं असतं."

गावात आणखी देवळं आहेत. गोकर्णेश्वर, कपिलेश्वर, सुवर्णेश्वर, हाटकेश्वर, कल्लेश्वर. काही शेताच्या कडेला, काहींवर झुडपं उगवलेली. सगळी पाहिली असं म्हणणार नाही. सुवर्णेश्वराच्या वाटेत गुडघाभर गवत होतं आणि आप्पांचे पाय पँटसकट भिजले. जळवा निघतील म्हणून परत फिरलो. निघाली ती एकच, माझ्या मोज्यातून, नंदगडला पोचल्यावर.

नंदगडला आप्पांची चुलत बहीण असते, माझी आक्का आत्या. तिच्याकडं त्या दिवशी नेमकं सासऱ्यांचं श्राद्ध होतं. न सांगता गेलेल्या पाहुण्यांना खीर, वडे, अळूची भाजी आणि भात असं पान मिळणं यापरतं भाग्य कुठलं? "पितरांनीच बोलावलंय तुम्हाला," आत्या म्हणाली. "न्हाईतर हा कधी यायचा? एवढी वर्षं माझी राखी ह्यानंच छाटली असणार, पण बहिणीच्या दारात काय आला नाही."

संध्याकाळी संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीवर गेलो. कित्तूरच्या राणीचा हा शिलेदार. राणी कैदेत गेल्यावरही यानं माणसं जमवून लढा चालू ठेवला, खजिने लुटले, कचेऱ्या जाळल्या. शेवटी फितुरीनं पकडला गेला आणि २६ जानेवारी १८३१ ला नंदगडला फासावर गेला. त्याचा जन्म १५ ऑगस्टचा मानतात, त्यामुळं दोन्ही राष्ट्रीय सणांना इथं गर्दी असते. समाधीवर वड आहे. त्याच्याच साथीदारानं रोप लावलं होतं म्हणतात. पारंब्यांच्या आड दिवा लावलेला, दोन बायका प्रदक्षिणा घालत होत्या. एक मराठीत नवस बोलत होती, दुसरी कन्नडमध्ये. नंदगड बोलायला मराठी गाव. निवडणुकीच्या दिवसांत या भागात भाषेवरून काय काय ऐकू येतं ते आम्हाला घरबसल्या पाठ आहे. वडाखाली मात्र त्यातलं काही ऐकू आलं नाही, एवढं नोंदवते.

दुसरं कार्ड इथून. पत्ता संपूर्ण कन्नडमध्ये, आप्पांच्या वळणदार अक्षरात. मजकूर मराठीत: 'आक्का बरी आहे. वडे उत्तम.'

दिवस तिसरा : देगाव, कित्तूर, सौंदत्ती

सकाळी बिडी ओलांडल्यावर टायर बसलं. स्टेपनीत हवा कमी, जॅकचा दांडा गाडीत नाहीच. ही माझीच हलगर्जी, पुण्याहून निघताना बघायला हवं होतं. रस्त्यानं ट्रॅक्टर आला. दोन पोरं उतरली, कन्नडमध्ये आपापसात माझ्या गाडीची चिकित्सा केली, ट्रॅक्टरमधलं सामान काढलं आणि अर्ध्या तासात चाक बदललं. पैसे घेईनात. आप्पांनी गाव विचारलं. सांगितल्यावर यांनी पोस्ट, तालुका आणि तिथल्या जुन्या पोस्टमास्तरांचं आडनाव सांगितलं. ते आडनाव त्यातल्या एका पोराच्या आजोबांचं निघालं. मग काय, उसाचं कांडं हातात आलं आणि देगावपर्यंत ट्रॅक्टर आमच्यापुढं वाट दाखवत गेला.

देगावचं कमलनारायण मंदिर एकटंच उभं आहे. शिवचित्त परमादिदेवाची राणी कमलादेवी हिनं ते बांधवलं, म्हणजे हलशीच्या लेखात नवरा आणि इथं बायको. बाहेरून ठेंगणं, लांबट. आत तीन गाभारे आणि खांबांची दाटी. एकही खांब दुसऱ्यासारखा कातलेला वाटत नाही, छताच्या चौकटींतही तेच. शिल्पकाराचं नाव तिप्पोज असं लेखात राहिलंय. आठशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचं नाव टिकावं याचं मला अप्रूप वाटलं. आम्ही असेपर्यंत तिथं तिसरं कुणी आलं नाही. मी एवढंच सांगेन की बेळगाव जिल्ह्यात एकच देऊळ बघायला वेळ असेल तर लोक तुम्हाला दुसरीकडं पाठवतील. तुम्ही इथं या.

कित्तूर तिथून जवळ. चन्नम्मा बेळगावला लागून असलेल्या काकतीच्या देसायांची लेक, कित्तूरच्या मल्लसर्जाची राणी. नवरा गेला, १८२४ मध्ये मुलगाही गेला. दत्तक घेतलेला वारस इंग्रजांनी मानला नाही. धारवाडचा कलेक्टर थॅकरे फौज घेऊन आला आणि २३ ऑक्टोबर १८२४ ला किल्ल्याच्या दारात मारला गेला. दोन इंग्रज अधिकारी ओलीस धरले. डिसेंबरात मोठी फौज आली, किल्ला पडला. राणीला बैलहोंगलच्या किल्ल्यात ठेवलं, तिथंच १८२९ मध्ये ती गेली. झाशीच्या तेहतीस वर्षं आधीची ही गोष्ट. आमच्या शाळेच्या मराठी पुस्तकात ती चार ओळींत होती, शेजारच्या कन्नड शाळेत तिच्यावर नाटक बसायचं. आम्ही भिंतीवरून बघायचो. थॅकरे पडला की टाळ्या दोन्हीकडून.

वाड्याच्या भिंती आता कमरेएवढ्या उरल्यात. दालनं, न्हाणीघर, पाण्याचे पाट सगळं जमिनीवर आखल्यासारखं दिसतं. भिंतीत ध्रुवतारा बघण्यासाठी ठेवलेली भोकं दाखवतात. भरदुपारी आप्पांनी डोळा लावून पाहिलंच. "आभाळ दिसतंय," म्हणाले. संग्रहालयात तलवारी, दारं, शिल्पं आहेत. शाळेची एक सहल आली होती, मास्तर पोरांना ओळीत उभं करता करता घामाघूम. तिसरं कार्ड कित्तूरहून: इंग्रजीत, पिनकोड न घालता.

बैलहोंगलला फक्त जेवायला थांबलो. ज्वारीची भाकरी, एण्णेगाई म्हणजे तेलावर सुटलेली भरली वांगी, शेंगाचटणी, दही. वाढपी सारखा "हाकली री?" म्हणत भाकरी घेऊन उभा. नको म्हणायची कन्नड आप्पांना येत असूनही त्यांनी ती वापरली नाही.

सौंदत्तीचा डोंगर तिथून पुढं उघड्या माळात. खानापूरचं हिरवं संपून काळी जमीन कधी सुरू झाली कळतच नाही. यल्लम्माच्या दारात पोचलो आणि वाटलं, कोल्हापुरातच उतरलो की काय. "उदं गं आई उदं", परड्या, भंडाऱ्यानं पिवळी झालेली कपाळं, गाड्यांच्या नंबरप्लेटा एम. एच. ०९. मार्गशीर्ष आणि माघाच्या पौर्णिमेला इथं पाय ठेवायला जागा नसते. आडदिवशीही ओसाड नव्हतं. गडहिंग्लजकडच्या एका घोळक्यानं आम्हाला हाताला धरून बसवलं आणि आंबील-घुगऱ्या दिल्या.

याच डोंगरावर पोरी देवीला सोडल्या जायच्या. कर्नाटकनं १९८२ मध्ये कायदा करून ते बंद केलं. पायऱ्यांवर एक म्हातारी जोगतीण बसली होती, गळ्यात कवड्यांची माळ. आप्पांनी तिच्या परडीत पैसे ठेवले. तिनं विचारलं, "कुठलं गाव?" बेळगाव म्हटल्यावर तिनं मला लेकीची नावं विचारली. मला मुलगी नाही. हे ऐकून ती जे हसली ते मला अजून नीट उलगडलेलं नाही.

उतरताना रेणुकासागराचं पाणी दिसलं. मलप्रभाच, पण खानापुरात पाहिलेल्या त्या पोरसवदा नदीची ओळख पटू नये एवढी पसरलेली. धरणाची जागा नविलुतीर्थ. नविलु म्हणजे मोर. याच भागातलं गुर्लहोसूर हे गाव. मराठी संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर तिथं १८४३ मध्ये जन्मले, आणि बेळगावात १८८८ साली सायकलचं दुकान घालून पुढं कारखानदार झालेले लक्ष्मणराव किर्लोस्करही तिथलेच. गावात जायला उजेड उरला नव्हता. आप्पा गाडीतूनच तिकडं बघत म्हणाले, "गुर्लहोसूर लिहिताना लोक भयंकर चुकायचे. मी नुसत्या 'गुर्ल'वर ओळखायचो."

चौथं कार्ड सौंदत्तीला: 'बेळगाव, महाराष्ट्र', पिन बरोबर. "पिन असला की राज्य कोण बघतंय?" रात्री दहाला घरी. आईनं फोन केला नाही म्हणून बोलणं खाल्लं.

दिवस चौथा : गोकाक, रेल्वेनं

गोकाकला गाडी न्यायची नाही, रेल्वेनंच जायचं, हा आप्पांचा हट्ट. मिरजेकडं जाणारी सकाळची पॅसेंजर. ही लाइन मूळची सदर्न मराठा रेल्वेची. मीटरगेज होती तेव्हा डबे कसे हलायचे ते आप्पांनी बाकावर बसल्या बसल्या करून दाखवलं. समोरची बाई पोराला घेऊन सरकून बसली.

सुळेभावी आलं. छोटं स्टेशन, दोन माणसं उतरली. १९२४ च्या एप्रिलमध्ये इथं शिवपुत्र कोमकाळीमठ जन्मला, म्हणजे कुमार गंधर्व. त्याच वर्षी डिसेंबरात दहा-बारा मैलांवर गांधीजींचं अधिवेशन. मी फोनवर कुमारांचं एक निर्गुणी भजन लावलं, पण गाडीच्या खडखडाटात काही ऐकू येईना. शेवटी दोघांनी एकेक कान वाटून घेतला. पाच्छापूर येईपर्यंत आप्पा डोळे मिटून होते. झोपले होते की ऐकत होते ते विचारलं नाही.

गोकाक रोडला उतरून रिक्षा. धबधबा दिसायच्या आधी ऐकू येतो हे वाक्य मी वाचलेल्या प्रत्येक वर्णनात होतं, त्यामुळं मी कान लावून बसले होते. आधी ऐकू आला तो रिक्षावाल्याचा टेप. मग एका वळणावर एकदम घटप्रभा. सपाट खडकावरून गढूळ, चहाच्या रंगाचं पाणी येतं, घोड्याच्या नालेसारख्या कड्यावर पसरतं आणि पावणेदोनशे फूट खाली कोसळतं. वर उडणारे तुषार चष्म्यावर. आप्पांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा पुसला. चौथ्या वेळी नाद सोडला.

काठावर चालुक्य घाटणीची जुनी देवळं आहेत. पलीकडं गिरणी. १८८५ च्या सुमारास इथं कापसाची गिरणी उभी राहिली ती या पाण्याच्या जिवावर. १८८७ मध्ये धबधब्यावर वीज तयार झाली, देशातल्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी एक. पाणी वरून नळातून खाली सोडायचं, त्याच्या रेट्यानं चक्र फिरवायचं, चाती चालवायची. कामगारांसाठी झुलता पूल बांधला, दोनशे मीटरच्या आसपास लांब. त्या दिवशी पाणी वाढलेलं, पुलाचं दार बंद. आप्पा गजाला नाक लावून उभे होते. "एवढा लांब आलो आणि फाटक बंद. बेळगावातलं रेल्वे फाटकसुद्धा थोड्या वेळानं उघडायचं."

पण खरा आनंद त्यांना वेगळाच झाला. गोकाक गावाचा पिन ५९१३०७. धबधब्याच्या वसाहतीचं टपाल वेगळं: गोकाक फॉल्स, ५९१३०८. रस्त्यातल्या दोन कॉलेजच्या पोरांना थांबवून त्यांनी हे सांगितलं. "धबधब्याला स्वतःचा पिनकोड आहे. नायगाऱ्याला तरी आहे काय विचारा." पोरं नम्रपणे हसली आणि सेल्फी काढायला गेली.

तिथल्या पेटीत पाचवं कार्ड. पत्ता फक्त आडनाव आणि ५९०००३. मजकूर: 'पाणी भरपूर.'

गोकाकात करदंट घेतलं. डिंक, गूळ, सुकं खोबरं, काजू-बदाम. दाताची परीक्षा बघणारा, पण ताजा असला तर थांबवत नाही. लाकडी फळांची एक टोपली घेतली, रंगीत, हुबेहूब. आईनं नंतर त्यातला पेरू विळीवर धरला होता. परतीच्या गाडीला दोन तास होते, ते फलाटावर काढले. मालगाडी गेली, कुत्रं झोपलं, समोरच्या शेतात ऊन उतरलं. आप्पा एकेक खण आठवत होते. रायबाग, कुडची, उगार, शेडबाळ. "ही राहिली," म्हणाले. "अथणीपण. चपला तिकडच्या, नाव कोल्हापूरचं."

कार्डं पुढच्या आठ दिवसांत आली. मी तोवर पुण्याला परतले होते, आप्पा रोज फोनवर बातमी द्यायचे. सगळ्यात आधी सौंदत्तीचं, 'महाराष्ट्र'वालं. मग गोकाक फॉल्स आणि नंदगड एकाच दिवशी. स्टेशनावर टाकलेलं, घरापासून तीन किलोमीटरवरचं, चौथं. पिन नसलेलं कित्तूरचं सर्वात शेवटी, पण आलं. एका कार्डावरचा शिक्का पुसट होता म्हणून आप्पांनी भिंग लावून तारीख लावली आणि पाचही कार्डं ओळीनं टेबलाच्या काचेखाली सरकवली.

"घरातल्या घरात पाच पत्रं," आई फोनवर म्हणाली, "आणि सगळी स्वतःच्याच नावानं. मला एक नाही."

दुसऱ्या दिवशी आप्पा जेवण झाल्यावर सिटी बसनं काकतीला जाऊन आले. चन्नम्माचं माहेर बघायचं राहिलं होतं, असं घरात सांगितलं. तीन दिवसांनी आईच्या नावानं कार्ड आलं. कार्ड उघडंच असतं, पोस्टमननं वाचलं असणार, शेजारच्या काकूंनीही. पण त्यात काय लिहिलंय ते आईनं मला अजून सांगितलेलं नाही. दिवाळीला गेले तेव्हा ते मला स्वयंपाकघरात दिसलं, मसाल्याच्या डब्याखाली, पालथं ठेवलेलं.